बैलाच्या आडून

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाला सांगायचं. सासूबाई होत्या तोवर मधे त्या असायच्या. मी चुलीपाशी हळूच म्हणायची, "आत्याबाई, मीठ संपलंय." त्या ओसरीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायच्या, "मीठ संपलंय म्हणती ती." मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते आधीच ऐकलेलं असायचं, तरी आत्याबाई सांगेपर्यंत ते थांबायचे. पुढे आत्याबाई गेल्या आणि माझी मुलगी मधे आली. मागच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती घाटनांदूरला गेली. मग मधे कुणीच उरलं नाही.

आता गावातल्या नव्या सुना सासऱ्यांशी बोलतात, त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजारालाही जातात. मलाही कुणी बोलू नको म्हणत नव्हतं. पण इतकी वर्षं मिटलेलं तोंड एकाएकी कसं उघडायचं, ते मला उमगत नव्हतं. मी भाकरीचं ताट दाराशी ठेवायची आणि तांब्या जरा आपटायची. तांब्या वाजला की मामा जेवायला यायचे. त्यांना काही हवं असलं तर ते बैलाशी बोलायचे. "आज लई गार पडलंय बाबा, च्या मिळाला तर बरं," असं गोठ्यातून ऐकू आलं की मी आधण ठेवायची.

माझ्या उजव्या कानाखाली गाठ आली ती पदरामुळे कुणाला दिसलीच नाही. दुखत नव्हती, म्हणून मीही काही म्हणाले नाही. मुलगी पंचमीला माहेरी आली होती. माझ्या डोक्याला तेल लावताना तिचा हात तिथं आला आणि थांबला. "आई, हे काय गं?" ती म्हणाली. तिनंच तिच्या वडिलांना सांगितलं आणि आम्ही बीडला गेलो. तिथून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. कानाखाली लाळ तयार करणारी ग्रंथी असते, हे मला तिथंच कळलं. गाठ त्या ग्रंथीतली होती आणि ती चांगली नव्हती.

ऑपरेशन पितरांच्या पंधरवड्यात आलं. भावकीतले लोक म्हणाले, असल्या दिवसांत कुणी अंगाला कातरी लावतं का, घट बसू द्या. मामा ओसरीवरून म्हणाले, "गाठीला पंधरवडा कळतो का? डागदर म्हणत्यात तर करायचं." एवढ्यावर ते ठरलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की मामा जुन्या समजुतीचे होते. तसं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटून होती, त्यामुळे उजवी बाजू ढिली पडली. उजवा डोळा पूर्ण मिटेना. ओठ एका बाजूनं लोंबायचा. पाणी प्यायले की गळ्यावर ओघळायचं. प, ब, म ही अक्षरं फुटेनात. मी आधीच कमी बोलणारी, आता तर बोलणं टाकलंच. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायची.

दसरा झाला आणि ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले. दरवर्षी आम्ही दोघं नवरा-बायको जायचो. या वर्षी मुकादमानं ह्यांना ट्रॅक्टर चालवायला घेतलं आणि ते एकटेच गेले. टाके काढायला मामा माझ्यासोबत आले. एसटीत ते माझ्या पुढच्या बाकावर बसले आणि पिशवी मांडीवर घेऊन सगळा रस्ता गप्प राहिले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पदर काढा, मान मोकळी करा." मामा ताडकन उठले आणि बाहेर गेले. नुसते बाहेर नाही, पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

"ते कुठे गेले? कोण आहेत तुमचे?" बाईंनी विचारलं.

"सासरे."

"बरं. मग तुम्हीच नीट ऐका."

त्यांनी टाके काढता काढता सांगितलं. गाठ सगळी काढली आहे, पण नसेच्या आसपास डोळ्याला न दिसणारं काही मागे राहिलेलं असू शकतं. त्यासाठी मशीनचा शेक द्यायचा. फार घाईनं दिला तर जखम उकलते, म्हणून थोडं थांबायचं. पण फार थांबलं तर मागे राहिलेलं वाढायला लागतं. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं चांगलं. "म्हणजे दिवाळी संपल्यावर आठवडाभरात," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या आधी दात तपासायचे, तोंडाचा साचा करायचा, फोटो काढायचे. त्याला दिवस लागतात. म्हणून दिवाळीच्या आधीच या. जखम अगदी घट्ट व्हायची वाट बघू नका. कातडी मिळून आली आहे, तेवढं पुरे."

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "घरी सांगाल ना?" मी परत मान हलवली.

मी बाहेर आले तोवर मामांनी तिथं झाडू मारणाऱ्या बाईला विचारलं होतं. तिनं सांगितलं, "आता शेक देत्यात. जखम चांगली भरली की या म्हणत्यात सगळ्यांना." तिचं खोटं नव्हतं. पण मामांकडे तेवढंच आलं, आणि बाकीचं माझ्याकडे राहिलं. दवाखान्याची फाईल सगळी इंग्रजीत. ती पिशवीत तशीच घरी आली.

परतताना गाडी मांजरसुंब्याला थांबली. मामा उतरले आणि गाडी सुटता सुटता चढले. माझ्या बाकावर त्यांनी काहीतरी ठेवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "वाऱ्यानं डोळ्यात कचरा जातो." मोटारसायकलवाले घालतात तसला चष्मा होता, काळ्या काचेचा, लहान पोराला शोभेल असा. मी तो घातला. बाजूची बाई माझ्याकडे बघून हसली. मी काढला नाही.

घरी आल्यावर मामांनी मला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही. मी उठायच्या आत ते भरून ठेवायचे. ज्वारीच्या कण्या स्वतः भरडून आणल्या, कारण भाकरी मला चावता येत नव्हती. धुणंसुद्धा वाळत घालायचे. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "दाजी, तुमाला नवं काम लागलं म्हणायचं. पगार किती?"

"दोन टाइम च्या," मामा म्हणायचे.

असंच एकदा काकूंनी विचारलं, "सुनंला परत कवा न्यायचं?" मी आत भांडी घासत होते. माझे हात थांबले.

"चंपाषष्ठी झाल्यावर," मामा म्हणाले.

चंपाषष्ठी म्हणजे दिवाळीनंतर महिनाभर. पुढे ते जे बोलले ते मला तसंच्या तसं आठवतं. ते म्हणाले, "ह्या बैलाचा जोडीदार आठवतो का तुला? जू घासून त्याचा खांदा आला व्हता. वरून खपली धरली, मला वाटलं भरला. गाडीला जुंपला. आतून कच्चाच व्हता त्यो. नासला खांदा, बैल गेला. एकदा चूक केली म्या. ह्या बारीला न्हाई करणार. निब्बर होऊ दे जखम, मग बघू शेकाचं."

मला तो बैल आठवत होता. तो गेला तेव्हा मामा गोठ्यात झोपायला लागले होते. उरलेला बैल आता म्हातारा आहे, नांगरट ट्रॅक्टरनं होते, त्याला काम नाही. तरी मामांनी त्याला बाजार दाखवला नाही.

रात्री ह्यांचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. मामांना हे तात्या म्हणतात. ते म्हणाले, "तात्या मला बी तेच म्हणले. जखम भरू दे म्हणले."

"अवं, पण बाईंनी दिवाळीच्या आधी या म्हणून सांगितलंय."

"तुला नीट ऐकू आलं का?"

"आलं."

 मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मी बोललो की ते बैलाचं काढत्यात. मला म्हणत्यात, तू तिथून सांगतो, हितं जखम मी बघतो. तूच सांग की त्यास्नी."

"मी? मी कशी बोलू?"

"मग बैलाला सांग," ते चिडून म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. माझं हसणं एकाच गालात झालं. त्यांना ते दिसलं नाही याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना मधे घातलं. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ओसरीवर जाऊन सांगितलं, "दाजी, सुनंला शेकाची घाई झालीया."

"घाई कशाला? आधी बरी तर होऊ दे," मामा म्हणाले.

"मी बी तेच म्हणते. शेकानं केस जात्यात म्हणं," काकू म्हणाल्या, आणि दिवाळीच्या चिवड्याचं बोलायला लागल्या. मुलीनं फोन करून पाहिलं, तिला मामांनी "तू तुझा संसार बघ माय" म्हणून लाडानं उडवून लावलं.

गावात घरं सारवली जात होती. दिवाळी तोंडावर आली होती. रोज सकाळी मी आरशात मान बघायची. जखमेची रेघ गुलाबी झाली होती, कुठं ओल नव्हती. बाहेरून सगळं बरं दिसत होतं आणि त्याचीच मला भीती वाटायची. आत काय चाललंय ते ना मला दिसत होतं, ना मामांना.

त्या संध्याकाळी मी बैलाची आंबोणाची, भुसा-पेंड कालवलेली बादली उचलली. ती मामांच्या हातची असायची. मी ती घेऊन गोठ्यात गेले. मामा खाली बसून कडब्याची पेंढी सोडत होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी बादली बैलापुढे ठेवली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याच्याकडेच तोंड केलं. 

"ऐकतोस का रं बाबा," मी म्हणाले. शब्द वेडेवाकडे येत होते. "तुझ्या जोडीदाराला वझं ओढायचं व्हतं. मला काय ओढायचं न्हाई. मला मशीनखाली नुसतं निजायचं हाय."

मामांच्या हातातली पेंढी थांबली. ते उठून जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. ते बैलाला म्हणाले, "इचार बाबा तिला. कच्च्या मासाला शेक दिला तर ते शिजायचं न्हाई का?"

"कच्चं न्हाई ते. टाके काढतानाच बाईंनी बघितलं. कातडं मिळून आलं, तेवढं पुरं म्हणल्या."

"मग चार दिस थांबल्यानं काय बिघडतं म्हणावं."

"डोळ्याला न दिसणारं आत ऱ्हायलं असंल तर ते वाढाय लागतं. आपरेशनपासून सहा आठवडे म्हणल्या. दिवाळी सरली की आठ दिसांत सुरू व्हाया पायजे. त्याच्या आदी दात बघायचेत, तोंडाचा साचा घ्यायचाय. त्यालाच दिस जात्यात. चंपाषष्ठीला गेलं तर लई उशीर व्हतो."

इतकं मी आयुष्यात एका दमात कुणाशी बोलले नव्हते. ओठातून लाळ ओघळली ती मी पदरानं पुसली.

"मला हे कुणी सांगितलं न्हाई," मामा म्हणाले. हे ते बैलाला म्हणाले नाहीत, गव्हाणीला म्हणाले.

"तुझा मालक भाईर गेलता," मी बैलाला सांगितलं. "माझी मान उघडी व्हती म्हणून."

बैलानं बादलीतून तोंड वर काढलं आणि तो जोरात फुरफुरला. आंबोण दोघांच्याही अंगावर उडालं. मामांनी मिशीवरचा भुसा पुसला. "ह्याचं डोकं फिरवलं आपण," ते म्हणाले. "कुणाकडं बघावं त्येच त्याला कळंना." आणि नाकातल्या नाकात हसले. मग हसू गेलं. "मग तवाच कावून न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या तोंडून सांगू?"

 त्यांनी पेंढी सोडली, बैलापुढे टाकली, परत उचलून नीट टाकली.

"पिशवी भर म्हणावं," ते म्हणाले. "सकाळच्या पैल्या गाडीनं निघू."

"उद्या वसुबारस हाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"असू दे. काकूला सांगतो, ती बघंल गोठ्याचं."

दिवाळी आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत केली. शेक देणारे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी पदर काढायला सांगितलं तेव्हा मामा उठले, दाराकडे दोन पावलं गेले आणि थांबले. मग तिथंच कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाबा, इकडे खुर्चीवर बसा की," डॉक्टर म्हणाले.

"असू द्या साहेब. मला हितून समदं ऐकू येतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्यांनी आवाज थोडा वाढवला. मागची एक दाढ किडली होती. ती आधी काढायची होती, कारण शेकानंतर काढली तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. आणि दाढेची जखम भरल्याशिवाय शेक सुरू करता येत नाही. "अजून आठ-दहा दिवस उशिरा आला असता तर फार ताणलं गेलं असतं," ते म्हणाले. "आत्ता जेमतेम जमेल. वेळेत आलात."

भिंतीकडे तोंड केलेल्या मामांचे खांदे खाली आले. मला तेवढंच दिसलं.

दाढ काढली. ती भरेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर दाबून माझ्या चेहऱ्याचा साचा केला. तुळशीची लग्नं लागायच्या जरा आधी पहिला शेक ठरला. सहा आठवडे भरतच आले होते.

आत नेल्यावर ती जाळी माझ्या तोंडावर ठेवून टेबलाला अडकवली. मान हलवता येईना. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "मावशी, दुखणार नाही. फक्त हलू नका. मी काचेतून बघते आहे." ती गेली आणि जाड दार बंद झालं. मशीन गुणगुणत फिरलं. दुखलं नाही, गरमही लागलं नाही. मला उगाच बैलाची फुरफुर आठवली आणि हसू यायला लागलं, ते मी दाबून धरलं.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उठले होते. पदर खांद्यावर होता, तो डोक्यावर घ्यायचं भान नव्हतं. मामा दाराशीच बाकावर बसले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिथं बैल नव्हता, काकू नव्हत्या, भिंतीला पाठ लावून दुसरेच लोक बसले होते. शेवटी त्यांनी माझ्या चपलांकडे बघत विचारलं, "आत एकलीच व्हतीस?"

"व्हय. दार लावून घेत्यात."

"भ्याव वाटलं?"

"न्हाई, मामा."

मामा हा शब्द त्यांच्यासमोर पहिल्यांदाच माझ्या तोंडातून आला, आणि तोही अर्धामुर्धा, ओठ मिटत नसल्यामुळे. त्यांना तो कळला. त्यांनी दोनदा मान हलवली आणि पिशवी उचलली.

शेक दीड महिना चालला, त्यातले शेवटचे दिवस सोपे नव्हते. तोंड कोरडं पडलं, चव गेली, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मानेची कातडी काळी पडून सोलायला लागली. मामांना ती दिसली त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला कळत होतं त्यांना काय दिसतंय ते. मी म्हणाले, "मामा, डागदर म्हणत्यात हे असंच व्हतं. मागून भरतं." ते म्हणाले, "म्हणत असतील." मी कण्यांचं ताट त्यांच्या समोर घेऊन बसले आणि त्यांच्याकडे तोंड करूनच खाल्लं. ओठातून दोनदा सांडलं. मग तेही जेवले.

संक्रांतीच्या आधी आम्ही घरी आलो. ह्यांनी उसाच्या फडातून फोन केला आणि विचारलं, "तात्यांशी बोलतेस म्हणं आता?" मी म्हणाले, "कामापुरतं." मामा ओसरीवरून म्हणाले, "कामापुरतं न्हाई, लई बोलती."

आता दर थोड्या दिवसांनी दाखवायला जावं लागतं. पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तपासत राहू म्हणतात. जे वेळेत करायचं होतं ते वेळेत झालं, एवढं ते सांगतात.

डोळा आता बराच मिटतो. काल सकाळी मी अंगणात ज्वारी निवडत होते आणि मामा बैलाला पाण्यावर नेत होते. ते थांबले. "मान दाखव," ते म्हणाले. मी पदर मागे घेतला. ते जवळ आले नाहीत. बैलाच्या कासऱ्याला धरून लांबूनच वाकले आणि खांदा बघायचे तसे नीट, सावकाश बघत राहिले. काळं सगळं गळून खाली नवी, लहान बाळासारखी कातडी आली होती.

"धरलं कातडं," ते म्हणाले. बैलाला नाही, मला. आणि त्याला पाण्यावर घेऊन गेले.